चौथ्या बाटलीची रेघ

आकडा पुन्हा घसरला तेव्हा तिने हातातली पिपेट तशीच अधांतरी धरली आणि पडद्याकडे बघत राहिली, हट्टाला पेटलेल्या मुलाकडे बघावं तशी.

"आता काय झालं तुला?" ती पुटपुटली. "सकाळपासून तर शहाण्यासारखी होतीस."

रॅकवर चार चपट्या बाटल्या उभ्या होत्या. पाठीमागून पांढरा उजेड, आत कोवळ्या गवताच्या रंगाचं पाणी, आणि तळापासून वर धावणाऱ्या बुडबुड्यांच्या माळा. प्रत्येक बाटलीत एक काचेची कांडी सोडलेली होती. पाणी आंबटाकडे कलतंय की अल्कधर्माकडे, ते ती कांडी पडद्याला सांगायची आणि पडदा त्याची रेघ काढायचा. चार बाटल्या, चार रेघा. सकाळी चारही रेघा कशा आखल्यासारख्या सरळ असत. दुपारी जेवणं आटोपली की हळूच वाकायला लागत, संध्याकाळपर्यंत खड्ड्यात जात आणि रात्री कुणी बघत नसताना पुन्हा जागेवर येत.

त्या वर गेल्या असत्या तर तिला इतका राग आला नसता. शेवाळ उजेडात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, पाण्याचा आंबटपणा कमी होतो, आकडा वर चढतो. तो फार चढू नये म्हणूनच सगळा खटाटोप: मोजूनमापून घातलेला सोडा, दिवसरात्र सोडलेली हवा. इथे मात्र भर उजेडात आकडा खाली जात होता. विस्तवावर ठेवलेलं पाणी गोठायला लागावं, तशातली गत.

हे शेवाळ प्रयोगशाळेच्या सरांनी कुठल्याशा गरम पाण्याच्या झऱ्यातून आणलं होतं. पाण्यातला चुना अंगावर ओढून घेत ते हळूहळू दगड बनवायचं. किती चुना घेतं ते मोजायचं, तर पाणी सदैव एकसारखं हवं. पाणीच रोज मूड बदलत असेल तर मोजमापाला काय अर्थ? महिनाअखेरपर्यंत रेघ सरळ राहिली नाही तर रॅक पलीकडच्या खोलीतल्या बुरशीवाल्यांना जाणार होता. ते येऊन रॅकची लांबीसुद्धा मोजून गेले होते. तिच्यासमोर, टेप लावून. आणि रॅक गेल्यावर या खोलीत तिचं काय काम उरणार होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिचा नेम होता. सकाळी आल्यावर आधी बाटल्यांना खाऊपाणी, मग स्वतःचा चहा. ताप असला तरी त्यात खंड नाही, सुट्टी असली तरी नाही. एवढं करून ही परतफेड! देवाकडे मागायचं तर काहीतरी मोठं मागावं, एका आकड्यासाठी त्याला काय त्रास द्यायचा, म्हणून तिने आतापर्यंत तोंड आवरलं होतं. पण आज हात नकळत जोडले गेले, पिपेटसकट.

या महिन्यात तिने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. कांड्या बदलल्या, बाटल्या उकळल्या, शुद्ध पाण्याचं यंत्र उघडून धुतलं. झाडूवाल्या मावशींना दुपारी दार उघडू नका म्हणून बजावलं, आणि त्या रुसल्या. दुरुस्तीवाल्याला सगळी इमारत 'उद्या' म्हणत असे, कारण त्याचं प्रत्येक उत्तर त्याच शब्दाने सुरू व्हायचं. त्यालाही तिने पाठीमागे लागून लागून दिवे तपासायला लावले. दिवे ठणठणीत निघाले. राहता राहिला सोडा. खोड सुरू झाली त्याच आठवड्यात सोड्याचा नवा डबा उघडला होता, आणि तिचा सगळा राग आता त्या निळ्या डब्यावर जमला होता.

त्या आठवड्यात आणखीही एक गोष्ट झाली होती. पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती, आणि तिच्या मते त्या गोष्टीचा पाण्याशी काडीचा संबंध नव्हता.

पिपेट ठेवून तिने बोळात डोकावून पाहिलं. कुणी नाही. खुंटीवरचा एक पांढरा कोट तिने खांद्यावर टाकला आणि शेजारच्या पंपाच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक केलं.

"ये. आणि दार लाव आधी, दोरा उडतो."

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर कुणाचा तरी कोट, शेजारी बटणांची डबी. खोलीला एकच खिडकी होती, तीही रंगाने चिकटून बसलेली. कोपऱ्यात हवेचा पंप घरघरत होता. त्याचा आवाज नको म्हणून सरांनी तो या अडगळीत टाकला होता आणि भिंतीला भोक पाडून नळ्या पलीकडे नेल्या होत्या.

"आई, किती कोंदलंय इथे. पंखा तरी लावत जा."

"पंखा लावला तर दोरा उडतो, नाही लावला तर तू उडतेस. माणसाने करावं तरी काय?" सासूबाईंनी मांडीवरचा कोट झटकला. "सुई गेली माझी कुठेतरी. मघापासून शोधतेय."

सुई त्यांच्याच खांद्याशी टोचलेली होती, दोऱ्यासकट.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती सुई काढून देत वैतागून म्हणाली.

"बोल, बोल. तुझं काय हरवलंय? तोंड का असं शिवण उसवल्यासारखं?"

"माझं पाणी बिघडलंय."

"मग बदल."

"बदललं."

"भांडं बदल."

"तेही बदललं, आई."

"मग काम बदल. मी एका शाळेचं बदललं होतं. मापं एक द्यायची, पोरं दुसरी पाठवायची." त्यांनी तिच्या खांद्यावरचा कोट ओढून घेतला आणि बाही उलटी केली. "हे कुणी शिवलंय? झोपेत शिवलंय का?"

सासूबाईंचं शाळांचे गणवेश शिवायचं दुकान होतं. दुकान बंद होऊन वर्षं लोटली, पण ते त्यांना अधूनमधूनच आठवायचं. एकदा घरी एकट्या असताना त्या दुकान उघडायचं म्हणून निघाल्या, आणि शेजाऱ्यांनी त्यांना पार दूरच्या चौकातून परत आणलं. नंतर सांभाळायला बायका ठेवून झाल्या. पहिलीला त्या म्हणाल्या, तुझा गळा वाकडा बेतलाय. दुसरीला कापडाने तुझं काय वाकडं केलंय म्हणून विचारलं. दोघींनीही दुसऱ्या दिवशी यायचं बंद केलं. दुपारी नणंद येऊन बसायची, तिची बदली झाली. नवरा लांबच्या शहरात नोकरीला. तो फोनवर न चुकता "काळजी घे गं" म्हणायचा. कोणाची आणि कशी, ते कधी सांगायचा नाही.

सकाळी शेजारीण लक्ष ठेवायची. दुपारी जेवायच्या सुट्टीत ती घरी जाऊन त्यांना घेऊन यायची आणि पहारेकरी डबा खात असतानाच मागच्या जिन्याने इथे आणून बसवायची. प्रयोगशाळेत बाहेरच्या माणसाला परवानगी नव्हती. पण या खोलीत त्या जितक्या शांत बसायच्या तितक्या घरीही बसत नसत.

"माझ्या मशीनसारखंच वाजतं हे," त्या पंपाकडे मान वळवून म्हणायच्या. "नुसतं पाय मारावे लागत नाहीत."

आणि मशीन वाजतंय म्हटल्यावर काम हवं. म्हणून ती रोज खुंटीवरचा एखादा कोट उचलून आणायची. इमारतीत मग कुजबुज सुरू झाली, की इथे रात्री बटणं लावणारं भूत फिरतं. सरांच्या कोटाचं दुसरं बटण कित्येक दिवस एका दोऱ्यावर लोंबत होतं. एका सकाळी ते असं घट्ट बसलं होतं, की सर कोट घालताना क्षणभर थांबले. बोलले मात्र नाहीत. ते मुळातच कमी बोलायचे.

दुसऱ्या दिवशी तेच सर तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर गेल्या काही आठवड्यांच्या रेघा होत्या, एकामागून एक खड्डे.

"मॅडम, रविवारी तुमची शेवाळं सुतासारखी सरळ असतात," ते म्हणाले. "सोमवार उजाडला की वाकडी. त्यांनाही कामावर यायचा कंटाळा येतो का?"

"रविवारी दार उघडत नाही ना, सर. मी सकाळी खाऊपाणी करून जाते, मग इकडे कुणी फिरकत नाही." उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. ते तिने स्वतःलाच इतक्या वेळा दिलं होतं की ते खरं वाटायला लागलं होतं. "पण मुळात सोड्यातच खोट आहे. मी रसायनवाल्यांकडून जुन्या डब्यातला मागून आणलाय. उद्या सकाळी घालते."

"घाला," सर म्हणाले. आणि जाता जाता, फारच हळू आवाजात: "बुरशीवाले विचारत होते."

तिने ऐकलं नाही असं दाखवलं आणि बाटलीचं बूच उगाचच पुन्हा घट्ट केलं.

जुना सोडा घातला त्या दुपारी चमत्कार झाला.

जेवणानंतर सासूबाईंना खोलीत बसवून ती धावत जागेवर आली आणि पडद्यासमोर ठाण मांडून बसली. रेघा किंचित झुकल्यासारख्या वाटल्या, तिने ओठ चावला. पण झुकल्या न झुकल्या तोच सावरल्या आणि सरळ चालू लागल्या. ती मध्येच उठली, पाणी प्यायली, परत आली. सरळ. खिडकीवरचं ऊन जमिनीवर उतरलं, टेबलाच्या पायापर्यंत सरकलं, तरी सरळ.

मग तिने फोन उचलला आणि सोडा पुरवणाऱ्याला धारेवर धरलं.

"तुम्ही काय भरता हो त्या डब्यात? महिना फुकट घालवलात माझा!"

"मॅडम, आमच्या मालाबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही..."

"मग मी पहिली. लिहून घ्या!"

इतकं कडक ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर कान गरम झाले होते, पण आतून बरं वाटत होतं. झाडूवाल्या मावशींना तिने मुद्दाम बोलावून रेघा दाखवल्या. 'उद्या'लाही दाखवल्या. तो म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्याने काहीही म्हटलं नव्हतं, पण आज तिने तेही चालवून घेतलं. रोज ती दुपारभरात एकदा तरी पंपाच्या खोलीत डोकावायची. आज त्या आनंदात तेवढं राहून गेलं.

सर आले तेव्हा ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"बघा, सर."

सरांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं. चेहऱ्यावर हसू उमटलं, जे कधी उमटत नसे.

"अरे वा. आज रविवार आहे की काय?"

तीही हसली. हसत हसत तिने बाटल्यांकडे पाहिलं. बुडबुडे वर येत होते. बुडबुड्यांच्या खाली नळी, नळी रॅकच्या मागून भिंतीकडे, भिंतीत भोक. तिची नजर नळीच्या बाजूने सरकत गेली आणि भोकापाशी थांबली. पलीकडे पंप होता. पंप हवा ओढत होता. बंद दार, चिकटलेली खिडकी, न लावलेला पंखा, आणि त्या कोंडलेल्या हवेत दुपारभर श्वास घेणारं, कार्बन डायऑक्साइड सोडणारं एक माणूस.

रविवारी ते माणूस तिथे नसे.

"मॅडम?" सर म्हणाले.

आज रेघ सरळ होती. दुपारपासून.

ती बोळाकडे धावली. खुर्ची पडली ती तिने उचलली नाही. पंपाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत खुर्ची रिकामी, बटणांची डबी मिटलेली. पंप एकटाच घरघरत होता, आणि बोळातली थंड, स्वच्छ हवा आत जात होती. इतका वेळ तिने जिची शाबासकी सोड्याला दिली होती, ती हीच हवा.

मागचा जिना उतरताना तिचा एक बूट निसटला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला बघून सलाम ठोकला.

"एक बाई गेल्या का इथून? वयस्कर, एकट्या?"

"नाही बुवा." त्याने डोकं खाजवलं. "मोठ्या डॉक्टरीणबाई तेवढ्या गेल्या. पांढरा कोट घालून. मी सलाम केला तर म्हणाल्या, आधी कॉलर नीट कर."

"कधी?"

"झाला की बराच वेळ. जेवणाचा डबा धुवत होतो मी."

"कुठे गेल्या?"

त्याने रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे शाळा होती.

ती पळत सुटली. रस्ता फार लांब नव्हता, पण वाटेत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज तिच्या अंगावर येत होता. परवा देवाकडे लहान गोष्ट मागायला ती लाजली होती. आता काय मागायचं ते शब्दांत येईना, नुसताच "देवा, देवा" असा श्वास बाहेर पडत होता.

शाळा सुटून गेली होती. फाटकाबाहेर तीन-चार मुली राहिल्या होत्या, त्यांच्यामधे कट्ट्यावर सासूबाई. अंगात सरांचा कोट, बाह्या दुमडलेल्या. समोर एक मुलगी एका पायावर तोल सावरत उभी होती आणि सासूबाई तिच्या स्कर्टची उसवलेली दुमड टाके घालून बसवत होत्या.

"हलू नकोस. हललीस की टाका नाचतो." दोरा दाताने तोडून त्यांनी वर पाहिलं. "आलीस? बघ यांची शिवण. एका तरी शाळेत धड शिंपी आहे का?"

तिला ओरडायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते, सगळ्या महिन्याचे. पण ती कट्ट्यावर टेकली, आणि सासूबाईंनी सवयीने दोऱ्याचं रीळ तिच्या हातात दिलं.

"न सांगता का आलात, आई?"

"अगं, हवाच नव्हती त्या खोलीत. जीव घुसमटला माझा." सासूबाईंनी दुसऱ्या मुलीला जवळ ओढलं. "रोजच घुसमटतो. आज म्हटलं, जावं जरा मोकळ्यावर."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुझं पाणी बिघडलेलं. त्यात माझी कटकट कुठे?"

तिने रीळ गुंडाळायला घेतलं. दोरा सरळ गुंडाळला जाईना, म्हणून तिने तो सगळा उलगडून पुन्हा पहिल्यापासून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्यांना खाऊपाणी घालून झाल्यावर तिने चहा घेतला नाही. ती तडक सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, सोडा चांगला आहे. सोडावाल्याची माफी मागावी लागणार."

"मग बिघाड कशात होता?"

"माझ्या सासूबाईंत," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "म्हणजे, माझ्यात." मग तिने सगळं सांगितलं. खोली, खुर्ची, मागचा जिना, कोट. सांगताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

सरांचा हात कोटाच्या दुसऱ्या बटणावर गेला, ते त्यांनी थोडं फिरवून पाहिलं.

"बाहेरच्या माणसाला इथे परवानगी नाही."

"हो, सर."

"त्या खोलीला खिडकी आहे ना?"

"आहे. रंगाने चिकटलीय."

"मग ती मोकळी करून घ्या. पंपाचा पाइप बाहेरच्या भिंतीवरून पार वर न्या. कुणाच्याही नाकापासून लांब." त्यांनी समोरचे कागद ओढले. "आणि 'उद्या'ला सांगा, आज."

ती दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला. "खुंटीवर माझा रेनकोटही आहे. त्याची चेन अडकते."

'उद्या'ने कशी कोण जाणे, त्याच दिवशी खिडकी मोकळी केली आणि पाइप वर नेला. चौथ्या बाटलीची नळी जोडायला तो हात घालणार, तेवढ्यात तिने त्याला थांबवलं. कपाटातून एक जुना, हाताएवढा पंप काढला, पुसला, आणि सासूबाईंच्या खुर्चीशेजारी फळीवर ठेवून चौथ्या बाटलीची नळी त्याला जोडली.

"मॅडम, ही मग वाकडीच येणार."

"येऊ दे."

महिनाअखेर आली तेव्हा पडद्यावर तीन रेघा दोरी ताणल्यासारख्या होत्या. बुरशीवाले टेप घेऊन आले आणि सरांशी दोन शब्द बोलून तसेच परत गेले. सर पडद्याजवळ वाकले, तिन्ही रेघांवरून बोट फिरवलं, चौथीपाशी थबकले.

"ही?"

"तुलनेला ठेवलीय, सर."

सरांनी मान हलवली. "हं. तुलनेला एक हवीच," म्हणाले, आणि पुढे गेले.

त्या दुपारी सासूबाईंना बसवून ती जागेवर आली. मोजमापं घेताना मधून मधून नजर पडद्याकडे जात होती. तीन रेघा सरळ. चौथीही सरळ. तिने एक नमुना गाळला, दुसरा गाळायला घेतला. चौथी अजून सरळच. तिने गाळणी खाली ठेवली. खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, टेबलावर हात टेकून अर्धवट उठली.

रेघ वाकली. पहिल्यासारखी खोल नाही, खिडकी आता अर्धी उघडी असते. पण वाकली.

तिने खुर्ची पुढे ओढून घेतली आणि गाळणी पुन्हा हातात घेतली.